कोऱ्या नोटांना घडी नको

ताइपेइ, तिहुआ रस्ता
ता. १२ नोव्हेंबर १९८४

चि. थियामहोक यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि मोज्यांचं खोकं, दोन्ही पोचलं. मोजे छान आहेत, पत्र नाही. बिंगहुईचं लग्न जमलं, मी त्याची सख्खी आत्या, आनंद तर मला झालाच पाहिजे. पण साखरपुड्याला मुलीच्या घरी एक लाख वीस हजारांच्या कोऱ्या नोटा लाल तबकात मांडायच्या, त्या काढायला बाबा ताइपेइला येणार, आणि काढून एकटेच गाडीने शेथोऊला नेणार, हे तू असं लिहिलंयस की जसं काही ते कोपऱ्यावरून सोयाबीनचं दूध आणायला निघालेत. अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. डाव्या कानाने त्यांना काही ऐकू येत नाही. आणि स्टेशनसमोरची ती बँक म्हणजे वर्षअखेरीला तीनहात्या खिसेकापूंची जत्रा असते जत्रा. कोण कोऱ्या नोटा घेऊन बाहेर पडतंय हे तिथल्या शिपायाआधी चोरांना कळतं.

त्यातून कहर म्हणजे ते पैसे मुलीकडचे ठेवणारही नाहीत. लुकांगची जुनी माणसं ती. तबक बघायचं, चारचौघांना दाखवायचं, म्हातारीने मान डोलवायची, आणि नावापुरते ठेवून बाकीचे त्याच दिवशी परत करायचे. तासाभराच्या देखाव्यासाठी माझ्या जिवाला घोर! बरं, नोटेला घडी पडलेली चालत नाही. दुमडलेली नोट तबकात दिसली की म्हातारी मंडळी तोंडं वाकडी करणार. नाहीतर मीच म्हटलं असतं, घरचे मोजे आहेत, दोन-दोन जोड घाला आणि त्यात कोंबा. तेही जमत नाही.

बाबांना दहा वेळा सांगून झालं की पेन्शनचं खातं शेथोऊला हलवा. तिथे असतं तर सहीच्या जागी नावाचा शिक्का उमटवून गावातच पैसे मिळाले असते. पण नाही. म्हणे ताइपेइच्या बँकेतला कारकून त्यांना बघून उठून उभा राहतो. एका माणसाच्या उठण्यासाठी आम्ही सगळ्यांनी नाचायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. बाबांचं पासबुक आणि शिक्का माझ्याकडे रजिस्टरने पाठव. मी पैसे काढते आणि तुमचे भावोजी घेऊन येतील. आणि खरं सांगायचं तर तो शिक्का आता बाबांच्या हातात ठेवूच नये. तू मुलगा आहेस, तू मागून घे. मी मागितला तर ते वर्षभर माझ्याशी बोलणार नाहीत.

फोन करू नकोस. सासूबाई गल्ल्यापाशी बसलेल्या असतात आणि खारवलेल्या माशांकडे बघत माझा प्रत्येक शब्द ऐकतात.

कळावे. लोभ आहेच, या आठवड्यात जरा कमी आहे.
तुझी ताई,
ग्योकलान

शेथोऊ
ता. १७ नोव्हेंबर १९८४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मशीनं चालू आहेत, त्यांच्या खडखडाटात लिहितोय. त्यामुळे अक्षराला हसू नकोस. जपानची ऑर्डर आली आहे, लहान मुलांचे मोजे, त्यावर ससे. सशांचे कान सारखे वाकडे विणले जातात आणि मी वेडा व्हायची वेळ आली आहे. त्यात तुझं पत्र.

शिक्क्याचं बाबांपाशी काढलं. काढलं म्हणजे काय, जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं. त्यांनी भाताचा वाडगा खाली ठेवला आणि विचारलं, की मी मेल्याची बातमी तुम्हाला कुणी दिली. मग पुढे तासभर रेल्वे. तीस वर्षं तिकिटं तपासली, तीनहात्ये त्यांना चेहऱ्यांनी नाही तर पायांनी ओळखता येतात, चोर कापडी बूट घालतो आणि गाडी थांबायच्या आधी उठतो, वगैरे. तुला पाठ आहे सगळं. शेवटी म्हणाले की माझ्या मुलीला जाऊन सांग, तिने खारवलेले मासे सांभाळावेत, पैसे मी सांभाळतो.

तेव्हा ताई, ते येणारच. तू फक्त त्यांच्यासोबत बँकेत जा आणि त्यांना गाडीत बसवून दे. इथे स्टेशनवर मी उभा राहीन. तुझ्या भावजयीने, स्यूखिमने, त्यांच्यासाठी आतून मोठा खिसा असलेली बंडी शिवली आहे. तुला ती बावळट दिसेल, कारण स्यूखिमने शिवलेलं सगळंच तुला बावळट दिसतं.

आणखी एक. तुमच्या नगरदेवतेच्या देवळाजवळच्या दुकानातला सोनेरी कागद बाबांना हवा आहे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पूर्वजांना जाळून द्यायला. आई तिथलाच आणायची ना. इथल्या कागदाला धूर फार होतो म्हणतात.

बाबा तसे ठणठणीत आहेत. चष्मा कपाळावर असताना चष्मा शोधतात, पण ते तर मीही करतो.

कळावे. लोभ वाढवता आला तर वाढव, उपदेश जरा कमी कर.
तुझा,
थियामहोक

शेथोऊ
ता. २६ नोव्हेंबर १९८४

चि. सौ. ग्योकलान हिस,
आशीर्वाद.

सहा तारखेला सकाळच्या गाडीने येतो. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. स्टेशन मला माहीत आहे. थेट बँकेत ये आणि शांत उभी राहा. माझ्या खिशाकडे सारखं बघायचं नाही. ज्याच्या खिशाकडे घरचे बघतात त्याच्या खिशात काय आहे हे परक्याला सांगावं लागत नाही.

तू थियामला माझा शिक्का मागायला सांगितलंस हे मला कळलं. तो शिक्का मी नोकरीला लागलो त्या दिवशी कोरून घेतला. त्याच्यावर माझं नाव आहे, तुझं नाही.

जेवायला मुळ्याच्या वड्या कर. तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

लोभ असावा, संशय नसावा.
वडील

ताइपेइ
ता. ९ डिसेंबर १९८४

चि. थियामहोक यास,
आशीर्वाद.

तुझा फोन आला तो भलत्या वेळी. सासूबाई समोर होत्या म्हणून मी नुसतं हो-हो करत राहिले. आता सगळं लिहिते. तू नीट वाच, सशांचे कान राहू देत बाजूला.

बँकेत काय झालं ते आधी ऐक. रांग रस्त्यापर्यंत, कारण सगळ्यांनाच कोऱ्या नोटा हव्या. तो उठून उभा राहणारा कारकून केव्हाच निवृत्त झालाय. त्याच्या जागी एक पोरगी होती आणि ती बसूनच होती. बाबांना ते लागलं. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ती मोठ्याने बोलली, तिला ऐकू जावं म्हणून बाबा त्याहून मोठ्याने बोलले. एक लाख वीस हजार, सगळ्या कोऱ्या, नातवाचा साखरपुडा आहे! अख्खी बँक वळून बघायला लागली. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मग त्यांनी अंगठा ओला करून नोटा मोजल्या. मी म्हटलं पट्टी लावलेली आहे, मोजू नका. तर मोजलेल्या परत पहिल्यापासून मोजल्या, कारण मी मध्ये बोलले.

दारात एका बाईच्या हातातून नाणी सांडली. लहान पोराला कळतं रे, की दारात सांडलेली नाणी उचलायला वाकायचं नसतं, कारण मागून दुसरा येतो. आणि हे तीस वर्षांचे जाणकार, वाकले! मी दंडाला धरून खेचलं. एक माणूस हातावर कोट टाकून अगदी लगटून उभा होता, तो बाजूला झाला. आणि रस्ताभर बाबा मला सांगत होते की तो माणूस चोर नव्हता, त्याचे बूट कातड्याचे होते.

घरी आणून मी दुकानामागच्या खोलीत माझ्या हाताने नोटा दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवल्या, फडक्यात गुंडाळल्या, गाठ मारली आणि स्यूखिमच्या त्या बंडीच्या आतल्या खिशात घातल्या. बंडी कामाची निघाली, हे कबूल करते. वड्या खाल्ल्या. सोनेरी कागदाचा गठ्ठा घेतला, त्यातही दुकानदाराशी पाच मिनिटं भांडण. मग गाडी. शिट्टी होईपर्यंत मी फलाटावर उभी होते. बाबा खिडकीशी बसले होते, हात छातीवर, कागदाची पिशवी मांडीवर.

आणि तू सांगतोस की घरी खिसा उघडला तर पुठ्ठे आहेत, फडकं आहे, गाठही आहे, आणि नोटा नाहीत. बाबा म्हणतात समोर बसलेल्या कापडी बूटवाल्याने मारल्या. थियाम, तूच सांग. कुठला चोर म्हाताऱ्याच्या छातीवरून नोटा काढतो, पुठ्ठे सरळ करतो, गाठ मारतो आणि परत खिशात ठेवून देतो? असा सभ्य चोर मला तरी ताइपेइत भेटलेला नाही. मी वीस वर्षं या रस्त्यावर पैसे नेते-आणते, एक नाणं कुणी मारलेलं नाही माझं.

गाडीत कुणी घेतले नाहीत. माझ्याकडून निघताना होते. मग राहिलं काय? मी कुणाचं नाव घेत नाही. पण तुझ्या घरात किती माणसं आहेत आणि बाबांची बंडी कोण धुवायला घेतं, हे तुलाही ठाऊक आहे.

साखरपुडा आठवड्यावर आला. लुकांगवाल्यांना काय तोंड दाखवणार आहात? आणि बाबांचे आयुष्याचे पैसे! मी तुला सांगत होते शिक्का काढून घे, शिक्का काढून घे. माझं कोण ऐकतंय.

लोभाचं नंतर बघू.
ताई

शेथोऊ
ता. १३ डिसेंबर १९८४

ताईस,
सा. न.

तुझं पत्र माझ्याआधी स्यूखिमने उघडलं. बंडी कोण धुवायला घेतं, ते वाक्य तिने वाचलं. बंडी आणून माझ्यापुढे ठेवली आणि मशीनवर जाऊन बसली. दोन दिवस ती माझ्याशीसुद्धा बोललेली नाही.

तुला बोलायला काय लागतं? तू नोटा पुठ्ठ्यात ठेवल्यास हे कुणी पाहिलं? तू. गाठ कुणी मारली? तू. मग मीही विचारू शकतो ना, की तुझ्या दुकानामागच्या खोलीत किती माणसं आहेत? मी विचारलं नाही. कारण मला आपल्या आईने थोडी लाज शिकवली होती. तुझ्या वाट्याची बहुतेक संपली असावी.

इथे काय चाललंय ते तुला माहीत नाही. बाबा रोज सकाळी स्टेशनवर जातात. स्टेशनमास्तरला त्या माणसाचं वर्णन लिहून घ्यायला लावतात. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडावर देवीचे व्रण होते. दुसऱ्या दिवशी दाढी होती. स्टेशनमास्तर बिचारा मान देऊन लिहून घेतो, आणि बाबा वळले की माझ्याकडे बघतो. ताई, त्या नजरेला मी घाबरतो. चोराला नाही.

काल बाबांनी मला बोलावलं आणि रुमालात बांधलेला शिक्का माझ्या हातात दिला. मी मागितला नव्हता. म्हणाले, ग्योकलानचं बरोबर आहे, तू ठेव. मी नको म्हटलं तर

चौदा तारीख, संध्याकाळ.

ताई, वरचं पत्र अर्धवट टाकून उठलो होतो. फाडणार होतो, पण तसंच पाठवतो. तुला मिळालंच पाहिजे ते.

पैसे सापडले.

आज दुपारी अंगणात पूजेचं टेबल मांडलं. उद्या साखरपुडा म्हणून पूर्वजांना सांगायचं होतं. उदबत्त्या झाल्या, आणि स्यूखिम सोनेरी कागद जाळायला बसली. तुला माहीत आहे ती कशी करते. प्रत्येक गड्डी हातात घेते, बोटाने पंख्यासारखी उलगडते, आणि मग एकेक चिमूट आगीत सोडते. तू दर वेळी म्हणतेस हिच्या हाताला गती नाही, तू असतीस तर अख्खा गठ्ठा फेकून हात झटकून मोकळी झाली असतीस. बरं झालं तू नव्हतीस. तिसऱ्या की चौथ्या गड्डीला ती किंचाळली. कागदाच्या थरांमध्ये नोटा! अगदी सपाट, एकाही नोटेला घडी नाही. एक नोट तेवढी आगीत गेली. ती आईला पोचली असं समजू.

मी वेड्यासारखा हसत सुटलो. बिंगहुई नाचायला लागला. आणि मग आम्ही बाबांकडे बघितलं.

ते टेबलाला धरून उभे होते. एकेक शब्द शोधत म्हणाले, की समोर तो माणूस बसला होता. मी संडासात गेलो. आणि मग मी शेथोऊला उतरलो. मधलं काही नाही. त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं, पुन्हा तिथेच अडकले. संडासात गेलो, आणि उतरलो. देवाच्या कागदाला चोर हात लावत नाही हे डोकं त्यांचंच, ताई, दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. नोटा काढून, पुठ्ठे परत बांधून, गाठसुद्धा त्यांनीच मारली असणार. फक्त ते केलेलं त्यांना आठवत नाही. आई गेली त्या वेळीही मी त्यांना एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

बाकी उद्याचं पार पडेल. जळालेल्या नोटेऐवजी बिंगहुई पोस्टातून एक कोरी घेऊन आला आहे.

पण शिक्का माझ्या खिशात आहे. तू म्हणत होतीस ना, काढून घ्या? घेतला. बाबा दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. आता पुढे काय करायचं ते सांग, कारण मला सुचत नाही.

लोभ असो.
थियामहोक

ताइपेइ
ता. २० डिसेंबर १९८४

चि. थियामहोक आणि सौ. स्यूखिम यांस,
अनेक आशीर्वाद.

स्यूखिम, हे आधी तुझ्यासाठी. मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते, आणि चोर तर नव्हताच. माझं चुकलं. पार्सलमध्ये बोय माशाची सुकवलेली गाभोळी आहे, आमच्या दुकानातली पहिल्या प्रतीची. ती सासूबाईंना न सांगता पाठवते आहे, यावरून माझं काळीज किती जळतंय ते समज. आणि कागद तू असाच उलगडत जा, कुणी काही म्हणो.

थियाम, तू फोनवर सांगितलंस की साखरपुड्यात बाबा तबकाजवळ आलेच नाहीत, मागे पाहुण्यांत जाऊन बसले. आता न्हाव्याचे पैसे दिले का, हे स्यूखिमला रोज विचारतात. हे ऐकल्यापासून मला माझ्याच जिभेचा राग येतोय. चाळीस वर्षं त्या माणसाने मला काही विसरू दिलं नाही. छत्री विसरले तर शाळेपर्यंत आणून द्यायचे आणि वर ओरडायचे. त्यांना काय म्हणून सांगू, की आता तुम्ही बसा, आम्ही लक्षात ठेवतो?

मी बाबांना वेगळं पत्र टाकते आहे. त्यात जे असेल त्यावर तू हसायचं नाहीस, बाबांनी विचारलं तर ताई फोनवर रडत होती एवढंच सांगायचं. माझ्या जन्मात माझा कुणी खिसा कापलेला नाही, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. ते पोटात ठेवा.

लोभ परत द्या, मी वाट बघते आहे.
ताई

ताइपेइ
ता. २० डिसेंबर १९८४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून तुम्ही चिडणार, तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. परवा मला तीनहात्यांनी लुटलं. मला! भर दुपारी, आमच्याच तिहुआ रस्त्यावर. नवीन वर्षाची गर्दी सुरू झाली आहे. दुकानाचे पैसे बँकेतून काढून येत होते. मशरूमवाल्याच्या दुकानापुढे एकाने माझ्या बाहीवर गोड सूप सांडलं आणि पुसायलाही लागला. फार अदबीने बोलला. पन्नाशीचा असेल, केसाला तेल, हातात वर्तमानपत्र. मी आपली सूप बघत बसले. घरी येऊन पाहते तर पिशवीला खालून चीर, पातळ, पात्याची असावी, आणि पैशांचा पत्ता नाही. बरोबर एक बाईही होती बहुतेक, हिरव्या स्वेटरची, ती मला धक्का देऊन गेली होती. त्याचे बूट मी पाहिले नाहीत. तुम्ही इतक्यांदा सांगितलं होतं, तरी नाही पाहिले. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. माझ्या दागिन्यांच्या पैशांतून भरलं.

बाबा, मला हसा, ओरडा, काय हवं ते करा. पण तेव्हापासून मला एकटीला बँकेत जायची भीती वाटते. आपल्या पंचांगाच्या वर्षअखेरीला तुमचं व्याज घ्यायला तुम्हाला यायचंच आहे, तेव्हा जरा लवकर या आणि माझ्याबरोबर चला. तुमच्यासारखी नजर इथे कुणाची नाही. यांची तर नाहीच, यांना समोरचा मासा दिसत नाही.

थियामकडून शिक्का परत मागून घ्या. तो नसला तर बँकेत तुम्हाला कोण विचारणार? तो तुमच्याकडेच शोभतो. मी मागे जे म्हणाले ते मूर्खासारखं बोलले.

लोभ करावा, मी चिडकी आहे तरी.
आपली,
ग्योकलान

शेथोऊ
ता. २८ डिसेंबर १९८४

चि. सौ. ग्योकलान हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गर्दीत सूप सांडलं की पुसायला थांबायचं नसतं, पिशवी पोटाशी धरून पुढे चालायचं असतं. हे मी तुला तू नऊ वर्षांची असताना सांगितलं होतं. हिरव्या स्वेटरच्या बाईचं तर काय सांगावं. तिहुआ रस्त्यावर एवढी वर्षं काढून तुला अक्कल आली नाही, असं तुझ्या आईने म्हटलं असतं. मी म्हणत नाही.

तीस वर्षं मी गाडीत तिकिटं तपासली. ज्याचं तिकीट खरंच हरवतं ना, तो काही बोलत नाही. घामाघूम होतो, खिसे उलटे करतो, परत परत त्याच खिशात हात घालतो. आणि ज्याने काढलेलंच नसतं, तो गोष्ट सांगतो. छान सांगतो. त्यात तेल लावलेले केस असतात, वर्तमानपत्र असतं. अशा बाया मला पुष्कळ भेटल्या. एखादीच्या मांडीवर मूल असायचं, एखादी आजारी बापाला बघायला निघालेली असायची. अशांपाशी मी तिकीट बघितल्यासारखं करून पुढच्या डब्यात जायचो. हे वरिष्ठांना कधी कळलं नाही. तुलाच सांगतो आहे.

शिक्का थियामने काल परत दिला. मी घेतला. दहा तारखेला येतो, या वेळी स्टेशनवर ये.

बँकेत शिक्का मी उमटवीन. पैसे तू ठेव. दारातून निघताना माझा हात धर, मुलीला भीती वाटते म्हणून धरलाय असं कुणीही समजेल, आणि समजू दे. पैसे कुठे ठेवलेस ते मला एकदा सांग. मी परत विचारीन, कदाचित रस्त्यात दोनदा-तीनदा विचारीन. दर वेळी सांगत जा, आणि ग्योकलान, चिडू नकोस.

लोभ आहे तसाच असावा, धीर मात्र वाढवावा.
तुझा,
बाबा